गच्चीवरची बाग वेगळी, शहरी शेती वेगळी! दोन्ही करा, पण घोळ नको

सध्या संभाजीनगर घ्या, लातूर घ्या, नांदेड-परभणी घ्या, गच्चीवर चार ग्रो बॅगांत टोमॅटो लागले की फोटो पडतो आणि खाली लिहिलेलं असतं 'शहरी शेती'. टोमॅटो लागले ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण शहराला चांगलं, ताजं, बिनविषारी माळवं (भाजीपाला) कसं मिळंल असा विषय निघाला की हाच फोटो उत्तर म्हणून पुढं येतो आणि मग खरा विषय बाजूलाच राहतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गच्चीवरची बाग आपल्या घरच्या ताटासाठी असते, पीक गेलं तर आपण बाजारातून आणतो, विषय संपला. शहरी शेती म्हणजे शहरात नाहीतर शहराला खेटून कोणीतरी विकायला पिकवतंय, त्याच्यावर त्याचं घर चालतंय आणि ती भाजी अनोळखी माणसांच्या घरात शिजतेय. पीक दोन्हीकडं मेथीच, पण जागा, पाणी, पैसा, धोका, सगळं वेगळं.

आधी हिशोब बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या पोटात गेल्या पाहिजेत. चार माणसांचं घर धरलं तर रोज १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ४८ किलो. आता मेथी-पालकाचं पीक बरं आलं तर एक चौरस मीटर वाफ्यातून एका वेळेला साधारण किलोभर निघतं आणि त्याला महिना तरी जातोच. गच्चीवर खटपट करून दहा चौरस मीटर वाफे केले, सगळे साधले, माकडांनी-कबुतरांनी काही ठेवलं, तरी महिन्याला दहा किलो. म्हणजे घराच्या गरजेचा पाचवा हिस्सा, आणि तोही हिवाळ्यात. घराला हे कमी नाही, उलट लई झालं. पण शहर ह्याच्यावर जगेल असं कोणी म्हणत असेल तर त्यानं हा गुणाकार एकदा करून बघावा.

मग वाफे वाढवू की, असं वाटतं. इथं स्लॅब आडवा येतो. माणसं जातात-येतात अशा गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला वर येणारं वजन साधारण १५० किलो धरलेलं असतं. एक फूट जाडीचा मातीचा थर भिजला की तेवढ्याच जागेत साडेचारशे किलोच्या पुढं जातो. म्हणजे तिप्पट! म्हणून गच्चीवर नुसती काळी माती भरूच नका (ती भिजल्यावर फुगते, निचरा होत नाही, मुळ्या सडतात ते वेगळंच), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळ्याचं खत आणि थोडी माती असं हलकं मिश्रण घ्या, जड ड्रम खांबाच्या नाहीतर तुळईच्या वर ठेवा, आणि मोठे वाफे करायचे असतील तर आधी इंजिनिअरला दाखवा.

आणि पाणी. आपल्याकडं मे महिन्यात वाफ्याला चौरस मीटरला रोज सात-आठ लिटर सहज लागतं, दहा चौरस मीटरला सत्तर-ऐंशी लिटर, आणि नळ कधी येणार ते देवाला माहीत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. त्या भागात राहून प्यायचं पाणी कुंड्यांना घाला असं मी कोणालाच सांगणार नाही. त्यापेक्षा जुन्या घरांत परड्यातल्या अळूला न आळूवडीच्या पानांना, केळीला न्हाणीचं पाणी जायचं ती सवय गच्चीवर न्या, म्हणजे डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवा. साबणाचं नको, विशेषतः पालेभाजीला. उन्हाळ्यात पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा आणि कोथिंबिरीचा हट्ट सोडा, ती एप्रिल-मेच्या तापत्या स्लॅबवर वीतभर व्हायच्या आतच फुलावर येते. त्या दिवसांत तांदुळजा आणि घोळ ह्या पालेभाज्या चालतात, तांदुळजा खुडला की परत फुटतो आणि घोळ तर काडी खोचली तरी लागते. पावसाळ्यात अंबाडी टाका. कढीपत्ता, मिरची, गवती चहा बाराही महिने. घरातला ओला कचरा तिथंच जिरतो हा फायदा तर मी भाजीच्याही वर धरतो.

आता मळ्याकडं या. शहराच्या कडेला विहिरीवर नाहीतर नाल्याकाठी एक-दोन एकर, बऱ्याचदा स्वतःची नसलेली, ठोक्यानं (ठरलेल्या भाड्यानं) केलेली. पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात बाया मेथी उपटतात, मुळ्या झटकून माती पाडतात, मुठीच्या मापानं जुड्या बांधतात, ओलं गोणपाट टाकून अॅपेत भरतात आणि उजाडायच्या आत माल मोंढ्यात. दुपारी बारापर्यंत विकली नाही तर ती जुडी मान टाकते आणि भाव निम्म्यावर येतो. गच्चीवर मेथी पिवळी पडली तर वाईट वाटतं, इथं ठोक्याचे पैसे अंगावर बसतात. शहराचं माळवं खरं म्हणजे ह्या माणसांच्या जिवावर चालतंय आणि शहरी शेतीच्या स्पर्धेत, बक्षिसात, फोटोत हीच माणसं कुठं दिसत नाहीत, मला ह्याचा खरंच त्रास होतो.

आरोग्याचा धोकाही सगळ्यात जास्त इथंच आहे आणि त्याच्यावर नीट बोललं पाहिजे. शहराच्या खालच्या अंगाच्या नाल्याचं पाणी शेतीला लागलं की दोन गोष्टी होतात. एक, मैल्यातले जंतू न जंताची अंडी पानावर बसतात, आणि पालेभाजी जमिनीला टेकलेली असते, कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो. दुसरं, कारखान्याचं पाणी त्यात मिसळलेलं असेल तर शिसं, कॅडमियम असले जड धातू मातीत साठतात आणि पालेभाज्या ते ओढून घेतात. जंतू धुण्यानं, शिजवण्यानं बरेच कमी होतात, पानाच्या आत गेलेला धातू मात्र कशानंच निघत नाही. दिल्लीत यमुनेच्या पात्रातल्या खाण्याच्या पिकांवर हरित लवादानं २०१५ मध्ये ह्याच कारणानं बंदी घातली. पोट गेलं शेतकऱ्याचं, पाणी घाण करणारा तो नव्हता.

म्हणून नाल्याकाठचा मळा दिसला की नाक मुरडून पुढं जाऊ नका. पाणी सुधारलं तर तोच मळा शहराची सगळ्यात जवळची, सगळ्यात ताजी भाजी देईल. प्रक्रिया केलेलं सांडपाणी, त्याची वेळोवेळी तपासणी, पाटपाण्याऐवजी ड्रीप, आणि जिथं पाण्याची खात्री नाही तिथं पालेभाजी न लावता फुलं. ह्यातलं एकही काम कुंडीवाल्याच्या हातात नाही आणि एकट्या शेतकऱ्याच्या तर नाहीच नाही, ते महानगरपालिकेचं काम आहे.

जमिनीचंही तसंच. काल जिथं वांगी होती तिथं आज चुन्याच्या रेघा न 'एनए प्लॉट' चा बोर्ड, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शहराच्या बाहेर पडलं की दिसतं. मळा दहा किलोमीटर लांब सरकला की भाडं वाढतं, भाजी शिळी होते, आणि ठोक्यानं करणारा शेवटी शेतीच सोडतो. शहराच्या आत हिरवी जमीन टिकू शकते हे संभाजीनगरकरांना वेगळं सांगायला नको, हिमायत बाग आहेच, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र तिथं आहे. ती जागा राहिली कारण ती संस्थेच्या ताब्यात होती. ठोकेवाल्याच्या पाठीशी कोण आहे?

बाहेरच्या देशातली जी उदाहरणं गच्चीच्या बागेसाठी सांगितली जातात ती नीट बघितली तर तीही जमिनीचीच निघतात. क्युबात सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल न खत बंद झालं, तेव्हा हवानात सरकारनं पडीक जागा कसायला दिल्या आणि भाजी त्याच जागेवर विकायची सोय झाली. अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरानं २००१ च्या आर्थिक संकटानंतर २००२ पासून गरीब कुटुंबांना शहरातल्या रिकाम्या जागा, बी-बियाणं, प्रशिक्षण आणि विक्रीचे बाजार दिले. कुंड्यांचं वाटप करून भागलं नसतं.

आता विक्री, ह्याच्यावर आपल्याकडं सगळ्यात कमी बोललं जातं. २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला, शेतकरी आवाराबाहेर थेट विकू शकतो. पण बसायचं कुठं? रस्त्याकडेला पाटी टेकवली की मनपाची गाडी येते न माल उचलते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात ह्याची सोय आहे, प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती पाहिजे, तिच्यात निदान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते पाहिजेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया. विक्रीच्या जागा ठरवताना ह्या समितीचं म्हणणं घ्यावं लागतं. तुमच्या शहरात ती निवडणूक झाली का, तुमच्या वॉर्डात भाजीवाल्यांसाठी कुठली जागा धरलीय, हे मनपात माहितीच्या अधिकारात विचारता येतं, अर्जाला दहा रुपये लागतात.