खाडीतली नोंद फोनमध्ये नेमकी कुठे राहते?

समजा, ऐरोलीहून ठाणे खाडीत निघालेल्या बोटीत एक पक्षीनिरीक्षक बसली आहे. ओहोटीमुळे चिखल उघडा पडलाय. ती मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ‘छोटा रोहित, अंदाजे ३४०’ असं टिपते (छोटा रोहित म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो), ‘सेव्ह’ दाबते आणि पडद्यावर हिरवी बरोबरची खूण उमटते. त्या खुणेचा अर्थ काय घ्यायचा? नोंद पक्की झाली, की पक्की होण्याच्या रांगेत नुसती उभी राहिली?

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळींच्या यादीत गेली. इथल्या पक्ष्यांचं काय चाललंय हे कळायचं तर वर्षानुवर्षांच्या मोजण्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात, आणि आजचा थवा उद्या पुन्हा मोजता येत नाही. म्हणून असं अ‍ॅप करायला बसलं की ‘डेटाबेस, म्हणजे नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, कोणता घ्यायचा?’ हा माझ्या मते पहिला प्रश्न नाहीच. ‘हे गेलं तर परत कुठून आणणार?’ हा पहिला. खाडीचा नकाशा पुन्हा डाउनलोड होईल. ३४० हा आकडा कुठूनही परत यायचा नाही.

आपण टाइप केलेली अक्षरं आधी रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, जातात. रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. बॅटरी संपली की हे भरणं थांबतं आणि सगळं पुसलं जातं. बॅटरी शाबूत असली तरी रॅमवर विसंबता येत नाही. आपण फोटो काढायला कॅमेरा उघडतो, कॅमेऱ्याला जागा कमी पडते आणि मागे गेलेलं अ‍ॅप अँड्रॉइड किंवा आयओएस न विचारता बंद करतं. हा बिघाड नव्हे, या प्रणाली मुळात तशाच आखलेल्या आहेत. त्यामुळे फॉर्म अर्धा भरलेला असतानाच त्याचा कच्चा मसुदा जपून ठेवणं हे अ‍ॅपचं काम आहे.

माहिती टिकते ती फ्लॅश मेमरीत. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिचा शोध लावला. विजेला अडवणाऱ्या थरांच्या आड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, हे तिचं तत्त्व. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. पण तिची एक अट आहे. लिहिताना ती काही किलोबाइटच्या पानात लिहिते, पुसताना मात्र अशा अनेक पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो, आणि दर पुसण्यागणिक तो ब्लॉक थोडा झिजतो. लिहिलेल्या पानावर खाडाखोड करायची सोयच नाही. म्हणून चिपमधला नियंत्रक बदललेला मजकूर नव्या पानावर लिहितो, जुनं पान बाद ठरवतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाईल असं बघतो. दोन अंकांचा फरक असला तरी लिहावं लागतं किमान एक पान. प्रत्येक अक्षरागणिक सगळी फाइल नव्याने लिहिणारं अ‍ॅप फोन संथ करतं ते यामुळेच.

इथे आणखी एक टप्पा आहे. अ‍ॅपने ‘हे लिही’ म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टिम ते आधी स्वतःच्या ताब्यातल्या रॅममध्ये ठेवते आणि ‘लिहिलं’ असं सांगून मोकळी होते. फ्लॅशवर ते काही सेकंदांनी, सवडीने उतरतं. तेवढ्यात नुसतं अ‍ॅप बंद पडलं तर काही बिघडत नाही. फोनच बंद पडला तर नोंद गेली. ‘आत्ताच्या आत्ता फ्लॅशवर उतरव आणि उतरल्याशिवाय परत येऊ नकोस’ असं सांगणारी आज्ञा असते, तिचं नाव एफसिंक. तिला वेळ लागतो आणि स्वस्त फोनवर तो जाणवतोही. तरीही पुन्हा न मिळणाऱ्या नोंदीसाठी ती वापरावी, आणि हिरवी खूण दाखवायची ती त्यानंतरच. तेवढा क्षणभर उशीर निरीक्षकाला मुळीच जड जाणार नाही.

खरी गुंतागुंत अर्धवट लिखाणाची आहे. एका ‘सेव्ह’मध्ये तीन गोष्टी बदलतात: नवी नोंद येते, दिवसाची बेरीज बदलते आणि सर्व्हरला पाठवायच्या यादीत एक ओळ वाढते. दोन झाल्या आणि तिसरीच्या आधी बॅटरी गेली, तर नोंद फोनमध्ये दिसते पण सर्व्हरवर कधीच पोचत नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. साध्या फाइलमध्ये लिहिणाऱ्या अ‍ॅपला हे सावरणं फार कठीण जातं. यासाठी डेटाबेस हवा. मोबाइलवर तो बहुतेक वेळा एसक्यूलाइट असतो.

एसक्यूलाइट रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलं. ते तेव्हा अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसायचा. त्यातून त्यांना सुचलं की डेटाबेसला सर्व्हर लागूच नये, एका साध्या फाइलमध्ये तो मावावा. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये आहे, आणि त्याचा कोड कुणाच्याही मालकीचा नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अर्धवट लिखाणातून तो कसा सुटतो, हे पाहण्यासारखं आहे. दुकानदार व्यवहार झाला की आधी रोजमेळात ओळ टाकतो, खतावणीत ती नंतर चढते. २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये अशीच एक पद्धत आली. बदल मुख्य फाइलला हात न लावता शेजारच्या लॉग फाइलच्या शेवटी जोडले जातात. प्रत्येक पानासोबत पडताळणीचा आकडा असतो आणि व्यवहार, म्हणजे एका ‘सेव्ह’मधले सगळे बदल, पूर्ण झाला की शेवटी तशी खूण केली जाते. मध्येच फोन बंद पडला, तर पुढच्या वेळी फाइल उघडताना एसक्यूलाइट हा लॉग वाचतं, शेवटची खूण नसलेला व्यवहार झालाच नाही असं धरतं आणि बाकीचे ग्राह्य मानतं. लॉग साधारण १,००० पानांचा झाला की त्यातला मजकूर मुख्य फाइलमध्ये उतरवला जातो. म्हणजे तिन्ही गोष्टी होतात, नाहीतर एकही होत नाही. ‘सिंक्रोनस’ नावाचं एक सेटिंग मात्र तपासून घ्यावं. या पद्धतीत ‘नॉर्मल’ ठेवलं तर वीज गेल्यावर फाइल बिघडत नाही, पण शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात. ‘फुल’ ठेवलं तर प्रत्येक व्यवहारानंतर एफसिंक होतं. पक्ष्यांच्या नोंदींसाठी मी ‘फुल’च ठेवेन.

फोटोंचं वेगळं आहे. एसक्यूलाइटच्याच चाचण्यांनुसार साधारण १०० किलोबाइटपेक्षा लहान तुकडे डेटाबेसमधून जास्त वेगाने वाचले जातात, त्याहून मोठे स्वतंत्र फाइलमधून. फोनवरचा फोटो काही मेगाबाइटचा असतो, तेव्हा तो फाइलमध्ये जावा आणि डेटाबेसमध्ये त्याचं फक्त नाव राहावं. इथे क्रम महत्त्वाचा: आधी तात्पुरत्या नावाने फोटो पूर्ण लिहायचा, एफसिंक करायचं, मग खरं नाव द्यायचं आणि त्यानंतर डेटाबेसमध्ये नोंद करायची. उलट केलं तर नसलेल्या फोटोकडे बोट दाखवणारी नोंद मागे उरते.

भाषा मराठी की इंग्रजी, पडदा काळा की पांढरा, असल्या आवडीनिवडी सेटिंगच्या छोट्या फाइलमध्ये ठेवल्या तरी चालतं. एक लक्षात ठेवायचं, ‘शेअर्ड प्रेफरन्सेस’ ही अशा आवडीनिवडी ठेवायची अँड्रॉइडची जुनी सोय एका बदलासाठीही अख्खी फाइल नव्याने लिहिते, म्हणून हजारो नोंदी तिथे कोंबू नयेत. नकाशे कॅशमध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या साठ्यात, जावेत. जागा कमी पडली की फोन कॅश स्वतःच रिकामी करतो, आणि नकाशाच्या बाबतीत ते चालतं. लॉगिनची किल्ली यांपैकी कुठेच नको, ती अँड्रॉइडच्या कीस्टोअरच्या किंवा आयफोनच्या कीचेनच्या ताब्यात असावी.

‘हे सगळं कशाला, थेट क्लाउडवर पाठवा’ असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रं, आणि नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशी मोठी डेटा सेंटर उभी आहेत. बोटीपासून ती अगदी जवळ असली तरी मध्ये रेंज लागते, आणि पाण्याच्या मधोमध किंवा पारसिकच्या बोगद्यात ती टिकेलच असं धरून चालता येत नाही. म्हणून नोंद आधी फोनमध्ये पक्की व्हावी आणि रेंज आल्यावर पुढे जावी.

तसं केलं की नवा प्रश्न येतो. अ‍ॅपने नोंद पाठवली, सर्व्हरला ती मिळाली, पण ‘मिळाली’ हे उत्तर येण्याआधी रेंज गेली. अ‍ॅप ती पुन्हा पाठवतं आणि ३४० चे ६८० होतात. हे टाळायला प्रत्येक नोंदीला फोनवरच १२८ बिटांचा यादृच्छिक ओळखक्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर नोंद वाढवत नाही. आणि दोघींनी एकच थवा वेगवेगळा मोजला तर? ‘शेवटचं ते खरं’ हा नियम सोपा आहे, पण फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं आणि त्यात एका निरीक्षकेची मेहनत पुसली जाते. मोजण्यांच्या बाबतीत मला तो नियम चुकीचाच वाटतो. दोन्ही आकडे ठेवावेत, ताळमेळ अभ्यासकांनी नंतर घालावा.

अ‍ॅप तयार झाल्यावर चाचणी नव्या कोऱ्या फोनवर घेऊन भागत नाही. स्टोरेज जवळपास भरलेला जुना फोन घ्यावा, एअरप्लेन मोड लावावा, नोंद सेव्ह करताक्षणी पॉवरचं बटण दाबून धरून तो सक्तीने बंद करावा आणि चालू करून नोंद आहे का ते बघावं. मग उरलेलं स्टोरेज व्हिडिओ काढून पूर्ण भरावं आणि पुन्हा सेव्ह दाबावं. आता एसक्यूलाइट ‘जागा नाही’ अशी त्रुटी परत देतं. ती गिळून हिरवी खूण दाखवणारं अ‍ॅप बाद ठरवावं. ‘नोंद झालेली नाही, वहीत लिहून घ्या’ असं पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, तर ते खाडीत न्यायला हरकत नाही.