मांगातली माणसं पडद्यावर गोरी कशी झाली

‘घोस्ट इन द शेल’ या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेल्या २०१७ सालच्या हॉलिवूडपटाच्या शेवटी एक जपानी आई आपल्या मुलीच्या थडग्यापाशी आलेली दिसते. थडगं मोतोको कुसानागीचं आहे. तिथे तिला तिची मुलगीच भेटते, फक्त मुलीचा चेहरा आता स्कार्लेट जोहान्सनचा आहे. तुला इथे यायची आता गरज नाही, असं मुलगी सांगते आणि दोघी एकमेकींना मिठीत घेतात. आईचं काम काओरी मोमोई या ज्येष्ठ जपानी अभिनेत्रीने केलंय. त्याआधी एका प्रसंगात हीच मुलगी अनोळखी पाहुणी म्हणून आईच्या घरी जाते आणि त्या पाहुणीच्या बघण्यात आईला आपली हरवलेली पोर आठवते. मायलेकींचं हे सगळं बोलणं इंग्रजीत होतं.

कथेत याचं कारण दिलेलं आहे. मोतोको ही घर सोडून गेलेली जपानी मुलगी. एका कंपनीने तिला पळवलं, तिचा मेंदू काढून यंत्राच्या देहात बसवला, खोट्या आठवणी भरल्या आणि मीरा किलियन हे नवं नाव दिलं. म्हणजे एका जपानी मुलीचं नाव, शरीर आणि आई काढून घेऊन तिला गोरी करण्यात आलं. नेमक्या याच गोष्टीसाठी चित्रपटावर वर्षभर टीका चालू होती, आणि पटकथेत तीच गोष्ट रहस्य म्हणून येते. मोमोईंनी तो प्रसंग इतका खरा केलाय की तो बघताना मला गलबलून आलं आणि त्याच क्षणी रागही आला.

हा राग एका चित्रपटापुरता नाही. त्याची मुळं मांगा अमेरिकेत पोचण्याच्या कितीतरी आधीची आहेत.

हॉलिवूडमध्ये आशियाई माणसांच्या भूमिका गोऱ्या नटांनी रंग लावून करण्याची पद्धत मूकपटांपासून होती. चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराचं काम वॉर्नर ओलँड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या नटाने वर्षानुवर्षं केलं. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकऱ्याचं काम पॉल म्युनीने केलं, त्याच्या बायकोचं लुइझ रेनरने, आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या ॲना मे वाँगला तीच भूमिका हवी होती. पण नायक गोरा ठरला की त्याची पडद्यावरची बायको खरी आशियाई असणं त्या काळच्या नियमावलीत अडचणीचं होतं. वाँगला दुसरी भूमिका देऊ केली गेली, ती मोहात पाडणाऱ्या रखेलीची, आणि तिने ती नाकारली. त्याच काळात मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन आपला जन्म टास्मानियातला असल्याचं सांगत हॉलिवूडची नायिका झाली. तिचं मिश्र कूळ जगाला कळलं ते १९७९ मध्ये ती गेल्यानंतर. आशियाई असणं हा तिथे धंद्यातला धोका होता आणि तो लपवण्यासाठी माणसं आयुष्यभर खोटं बोलत होती.

जपानी चित्रकथा या जगात आल्या तेव्हा त्यांची पहिली किंमत नावांनी मोजली. तात्सुओ योशिदा यांच्या ‘माख गोगोगो’चा नायक गो मिफुने. या आडनावात तोशिरो मिफुने या थोर नटाला केलेला नमस्कार आहे. १९६७ मध्ये त्यावरची ॲनिमेशन मालिका इंग्रजीत डब झाली आणि गो मिफुनेचा स्पीड रेसर झाला. २००८ मध्ये मोठ्या पडद्यावर एमिल हर्शने हे काम केलं तेव्हा फारसं कुणी हरकत घेतली नाही, कारण चाळीस वर्षांत तो मुलगा मुळात जपानी होता हेच विसरलं गेलं होतं.

छापील मांगाचंही तसंच. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. अमेरिकी प्रकाशकांनी सुरुवातीची बरीच वर्षं पानं आरशात दिसावीत तशी उलटी करून छापली. त्यामुळे उजव्या हाताने तलवार धरणारे सामुराई डावखुरे झाले. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे किमोनो. जिवंत माणूस किमोनोचा डावा पदर उजव्यावर घेतो. उजवा पदर वर येतो तो फक्त प्रेताला किमोनो घालताना. पानं उलटल्यावर त्या कथांमधली सगळी माणसं प्रेतासारखी नेसलेली दिसू लागली. वाचकाला ते कळणार नाही, असं गृहीत धरलं होतं.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. मांगातली पात्रं मुळात जपानी दिसतात का? मोठे डोळे, पिवळे, निळे, गुलाबी केस. ‘ती गोरीच तर दिसतात’ हा युक्तिवाद प्रत्येक वादात येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मोठ्या डोळ्यांची परंपरा ओसामु तेझुका या मांगाकारापासून रुजली आणि त्यांच्यावर डिस्नेच्या चित्रांचा प्रभाव होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. जपानीत ‘मुकोकुसेकी’ असा शब्द आहे. मुकोकुसेकी म्हणजे राष्ट्रीयत्व नसलेलं, ज्याला कुठल्याच देशाचा शिक्का नाही असं. पात्रं तशी असतात म्हणूनच मांगा जगभर चालला, असंही म्हणतात.

पण चित्र कोण वाचतंय यावरही बरंच अवलंबून असतं. मराठी कादंबरीत नायिका सावळी की उजळ हे लेखक सांगतो, ती भारतीय आहे हे कधीच सांगत नाही. सांगायची गरजच नसते. तिचं नाव, घर, बोलणं, देव्हारा यांतून ते आपोआप येतं. टोकियोतला वाचक मांगा तसाच वाचतो. कसलीही खूण नसलेला चेहरा त्याच्यासाठी जपानी असतो, आणि परदेशी माणूस दाखवायचा तर चित्रकार नाक लांब करतो, जबडा रुंद करतो. अमेरिकी वाचक तेच चित्र उलट्या सवयीने बघतो. त्याच्याकडे बिनखुणेचा चेहरा म्हणजे गोरा, आशियाई माणसाला मात्र खूण लागते. त्यामुळे ‘ती गोरी दिसतात’ हे वाक्य चित्रापेक्षा बघणाऱ्याबद्दल जास्त सांगतं.

‘ड्रॅगन बॉल’च्या गोकूचं उदाहरण घेतलं तर गुंता आणखी स्पष्ट होतो. अकिरा तोरियामांनी ही कथा १९८४ मध्ये सुरू केली. गोकू परग्रहावरून आलेला, पण त्याचं नाव आणि घडण चिनी पुराणकथेतल्या वानरराजाची, सुन वुकाँगची. २००९ च्या ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’मध्ये जस्टिन चॅटविनने त्याला अमेरिकी शाळकरी मुलगा केलं. परग्रहवासीयाला कुठला वंश, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं, की गोकूचा वंश सोडा, पण वानरराजाची कथा कुठे गेली ते सांगा. तोरियामांनी २०१३ मध्ये लिहिलं की पटकथेत मूळ जगाची समज नव्हती, त्यांनी बदल सुचवले आणि ते ऐकले गेले नाहीत. पटकथाकाराने २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली.

त्याच सुमाराला कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’ या मांगाचं प्रकरण सुरू होतं. वॉर्नर ब्रदर्सकडे २००२ पासून हक्क होते. ‘अकिरा’ ही बॉम्बने उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या टोकियोची कथा. अणुबॉम्ब झेललेल्या देशाची जखम तिच्या पानापानात आहे. ती न्यूयॉर्कला हलवायचं ठरलं आणि नायकांसाठी ज्यांची नावं चर्चेत आली ते बहुतेक गोरे नट होते. २०११ मध्ये जॉर्ज ताकेई या जपानी वंशाच्या अमेरिकी नटाने उघड विरोध केला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबलं गेलं, त्यांत ताकेई लहानपणी आईवडिलांबरोबर राहिले होते. जपानी चेहरा असल्यामुळे काय होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तो चित्रपट आजवर झालेला नाही.

‘घोस्ट इन द शेल’ला मात्र कुणी अडवलं नाही. मासामुने शिरो यांचा मांगा १९८९ चा, मामोरु ओशी यांचा ॲनिमेपट, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, १९९५ चा. जानेवारी २०१५ मध्ये जोहान्सनचं नाव जाहीर झालं आणि निषेधाच्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये तिचा पहिला फोटो आला. काळे केस आणि जपानी वाटावं असं वळण पाहून वाद पुन्हा पेटला. संगणकाच्या मदतीने नटांचे चेहरे ‘अधिक आशियाई’ करून बघितल्याची बातमीही फुटली. जोहान्सनवर असा प्रयोग झाला नाही, तो एका पार्श्वभूमीतल्या नटावर झाला, असा खुलासा स्टुडिओने केला. मला तो खुलासा मूळ बातमीइतकाच वाईट वाटला.

दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि ती जपानमधून आली. मांगाचे प्रकाशक कोदानशा यांच्याकडून सांगण्यात आलं की ही भूमिका जपानी अभिनेत्री करेल अशी आपली कल्पनाच नव्हती. ओशींचं म्हणणं अधिक खोल होतं. मोतोकोचं शरीर बनवलेलं आहे, तिचं नावही तिचं मूळचं नाही, मग ती आशियाई अभिनेत्रीनेच करावी असं कशावरून? ओशींच्या १९९५ च्या चित्रपटात ती कालव्यातून बोटीने जात असते आणि वर काचेआड तिला हुबेहूब स्वतःसारखी दिसणारी एक बाई दिसते. देह कारखान्यातला आहे आणि त्याच्या प्रती शहरभर फिरताहेत. त्या कथेत ओशींचं म्हणणं पूर्ण खरं आहे.

पण जपानमधल्या प्रेक्षकाला रोज शेकडो जपानी चेहरे नायक म्हणून दिसतात. एक भूमिका बाहेर गेली तर त्याचं काही बिघडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये ऑडिशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या जपानी वंशाच्या मुलीला वर्षाकाठी एखादी अशी भूमिका दिसते, आणि तीही तिला मिळत नाही. प्रकाशकाची संमती ही प्रकाशकाचीच संमती असते, ती त्या मुलीच्या वतीने देता येत नाही. या वादात दोन वेगळ्या माणसांचे प्रश्न एकत्र कालवले गेले, आणि ‘जपानी लोकांना चालतं मग तुम्हाला काय’ हे वाक्य त्यातूनच जन्मलं.

चित्रपटावर सुमारे ११ कोटी डॉलर खर्च झाले. अमेरिकेत ४ कोटींच्या आसपास परत आले, जगभर मिळून १७ कोटींच्या आसपास. एवढा पैसा लावताना मोठं नाव लागतं, हा निर्मात्यांचा नेहमीचा युक्तिवाद. आशियाई नटांना मोठ्या भूमिका मिळत नाहीत म्हणून ते मोठं नाव होत नाहीत, आणि मोठं नाव नाही म्हणून भूमिका मिळत नाहीत. या चक्रातून ॲना मे वाँगही सुटली नव्हती.

उलट दिशेचा प्रवासही झालाय आणि तो बघितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. रियोको इकेदांचा ‘व्हर्सायचा गुलाब’ हा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा मांगा १९७२ मध्ये सुरू झाला. १९७४ पासून ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या जपानी नाटक मंडळीच्या रंगमंचावर जपानी मुलीच फ्रेंच सरदार झाल्या. १९७९ मध्ये जपानी पैशांतून जाक देमी यांनी तोच मांगा फ्रान्समध्ये, युरोपीय नटांना घेऊन चित्रित केला. ‘थेर्मे रोमे’मध्ये हिरोशी आबे रोमन स्थापत्यकार झाला, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये सोनेरी केसांचा एडवर्ड जपानी नटाने केला. २०१५ च्या ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये जवळजवळ सगळेच नट जपानी होते. मांगात मिकासा ही भिंतींआडच्या जगात उरलेली आशियाई रक्ताची शेवटची मुलगी आहे आणि तिचं एकटेपण त्यातूनच येतं. आजूबाजूला जवळजवळ सगळेच जपानी असल्यावर त्या एकटेपणाला जागाच उरली नाही. अदलाबदलीची किंमत इथेही कथेनेच मोजली. फरक एवढाच की जपानी नटाने एडवर्ड केला म्हणून कुठल्याही गोऱ्या नटाचं काम गेलं नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार आवडतं, जरी ते ॲनिमेशन आहे. ‘क्योजिन नो होशी’ हा १९६६ ते १९७१ दरम्यानचा बेसबॉलचा गाजलेला मांगा. त्यावरून भारतीय आणि जपानी कंपन्यांनी मिळून ‘सूरज: द रायझिंग स्टार’ ही मालिका केली आणि ती डिसेंबर २०१२ मध्ये कलर्सवर आली. बेसबॉलचं क्रिकेट झालं, टोकियोची मुंबई झाली, गरीब बापाचा हट्ट तोच राहिला. मूळ कथेत मुलाचे हात बळकट व्हावेत म्हणून अंगावर स्प्रिंगांचा साज चढवतात, इथे त्याजागी सायकलच्या ट्यूब आल्या. पात्राचा वंश, भाषा, खेळ, सगळं बदललं, तरी कुणाचं काही चोरल्यासारखं वाटत नाही, कारण कथेने पूर्ण बिऱ्हाड हलवलं. ‘घोस्ट’मध्ये जपानी पाट्या, गेशासारखे यंत्रमानव, जपानी बोलणारा नट ताकेशी कितानो, सगळं सामान तिथेच ठेवलं आणि घरातली मुलगी तेवढी बाहेर काढली.

२०१७ मध्येच नेटफ्लिक्सचा ‘डेथ नोट’ आला. मूळ मांगातल्या लाइट यागामीचा सिॲटलमधला लाइट टर्नर झाला. आशियाई नट शोधले, पण उत्तम इंग्रजी बोलणारा योग्य नट सापडला नाही, असं निर्मात्यांपैकी मासी ओका यांनी सांगितलं.

सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याच नेटफ्लिक्सवर ‘वन पीस’ आली. मूळ मांगाचे लेखक एइचिरो ओदा यांना एका वाचकाने फार पूर्वी विचारलं होतं, की ही पात्रं आपल्या जगात असती तर कुठल्या देशाची असती? ओदांनी यादीच दिली होती. लुफी ब्राझीलचा, नामी स्वीडनची, उसोप आफ्रिकेतला, सांजी फ्रान्सचा, झोरो जपानचा. मालिकेची निवड त्या यादीच्या जवळपास राहिली. लुफी मेक्सिकोचा इन्याकी गोदोय झाला. आपलं समाधान झाल्याशिवाय मालिका प्रदर्शित होणार नाही हे नेटफ्लिक्सने कबूल केलंय, असं ओदांनी चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं. तोरियामांच्या सूचना बाजूला सारल्या गेल्या होत्या, ओदांच्या हातात मात्र होकार किंवा नकार होता.

आणि झोरोचं काम केलं माकेन्यूने. तो जपानी नट सॉनी चिबांचा मुलगा. जन्म लॉस एंजेलिसचा, वाढलाही तिथेच, आणि इंग्रजी त्याची लहानपणापासूनची भाषा.