नेस्टिंग

पत्रा, जाड प्लेट, प्लायवूड, काच, चामडे किंवा कापड अशा सपाट मालातून लागणारे भाग कापण्याआधी ते एकमेकांच्या खाचाखोचांत बसवून, माल कमीत कमी वाया जाईल अशी मांडणी करण्याला नेस्टिंग म्हणतात. शिंपी कापडावर पुठ्ठ्याचे फर्मे फिरवून बघतो ते हेच काम. सॉफ्टवेअर ते हजारो वेळा फिरवून बघते, कंटाळत नाही.

या प्रश्नाला गणिताचा हात प्रथम लावला तो सोव्हिएत गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी. लेनिनग्राडच्या एका प्लायवूड उद्योगाच्या अडचणीपासून सुरुवात करून १९३९ साली त्यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात कच्चा माल किफायतशीरपणे कापण्याचा प्रश्नही होता. याच धारेतल्या कामासाठी त्यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. १९६१ मध्ये गिलमोर आणि गोमोरी यांनी ठरावीक मापाच्या मालातून लहान मापे कापण्याच्या प्रश्नासाठी संगणकाला झेपेल अशी रीत दिली. वेड्यावाकड्या आकारांचे मात्र आजही नेमके उत्तर हमखास काढता येत नाही. भाग वाढले की शक्य मांडण्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते, म्हणून सॉफ्टवेअर ‘बऱ्यापैकी चांगल्या’ उत्तरावर थांबते.

वडोदऱ्यात हा विषय घरोघरी नसला, तरी शेडोशेडी आहे. कोयलीची रिफायनरी, खत आणि पेट्रोकेमिकल कारखाने यांच्यामुळे शहराभोवती प्रेशर व्हेसल (दाबाखाली वायू किंवा द्रव साठवणारी भांडी), टाक्या, हीट एक्स्चेंजर (उष्णतेची अदलाबदल करणारी यंत्रे) बनवणारी फॅब्रिकेशनची कामे वाढली. मकरपुरा आणि पोर-रामणगामडीच्या जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) लेझर, प्लाझ्मा आणि गॅस कटिंगचे जॉबवर्क चालते. १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी सुरू केलेले कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. तिथून शिकून ड्रॉइंग ऑफिसात बसलेली माणसे दांडिया बाजार–रावपुऱ्याच्या मराठी घरांनाही नवी नाहीत. शॉपवर, म्हणजे कारखान्यात, बोली गुजराती-हिंदी, घरी मराठी, आणि भंगार तिन्हीत भंगारच.

मांडणीतली गंमत साध्या चकत्यांतही दिसते. २५०० × १२५० मिमीची शीट आणि १९० मिमी व्यासाच्या चकत्या घ्या. दोन चकत्यांत १० मिमी आणि कडेला ५ मिमी जागा सोडली, तर सरळ रांगांत ७२ बसतात. एकाआड एक रांग अर्ध्या चकतीने सरकवली, तर त्याच शीटमधून ८४ निघतात. आता व्यास २४० मिमी करा. जागा तेवढीच सोडून सरळ रांगांत ५० बसतात, पण शीटच्या लांबीला समांतर रांगा एकाआड एक सरकवल्या, तर ४८ च. सरकवलेली रांग नेहमीच फायद्याची, हा शॉपवरचा समज इथे दोन चकत्यांनी तोट्यात जातो. कडेशी काय उरते यावर सारे असते, आणि ते डोळ्याने पटकन कळत नाही.

चकतीच्या जागी फ्लँज (पाइप जोडायची मध्ये भोक असलेली कडी) असेल, तर मधल्या भोकातून निघणाऱ्या गोलात लहान फ्लँज किंवा गसेट (सांध्याला आधार देणारी पट्टी) बसवता येते. दोन सरळ कडांचे भाग चिकटवून एकाच रेषेत कापले, तर मालही वाचतो आणि कटिंगचा वेळही. मात्र कापताना पहिला भाग हलला, तर दुसराही बिघडतो. कापणाऱ्या ज्योतीची किंवा किरणाची स्वतःची रुंदी असते. लेझरची मिलिमीटरच्या अंशात, प्लाझ्माची त्याहून पुष्कळ अधिक. ती सॉफ्टवेअरला न सांगता केलेली मांडणी स्क्रीनवर देखणी आणि प्लेटवर लहान पडते. जाड प्लेटमध्ये उष्णतेने भाग वाकू नयेत म्हणून भागांमध्ये साधारण प्लेटच्या जाडीइतके अंतर सोडण्याचा रिवाज आहे.

भाग वाटेल तसे फिरवायलाही मुभा नसते. ब्रश फिनिशच्या स्टेनलेस पत्र्यात रेघांची दिशा एकच लागते. घडी घालायच्या भागांत वाक रोलिंगच्या (पत्रा लाटला गेला त्या) दिशेला आडवा ठेवलेला बरा, नाहीतर वाकावर चीर पडू शकते. ही बंधने घातली की मालाच्या वापराची टक्केवारी उतरते, आणि ती उतरू द्यावी.

खरी बचत बहुधा उरलेल्या तुकड्यांत असते, आणि तिथेच ती निसटतेही. १२ मिमी जाडीच्या माइल्ड स्टील प्लेटचे वजन चौरस मीटरला सुमारे ९४ किलो भरते. असा अर्धा चौरस मीटर उरला, तर तो भंगार नव्हे, माल आहे. प्रेशर व्हेसलच्या कामात मात्र प्लेटचा हीट नंबर (ती पोलादाच्या कोणत्या घाणीतून आली त्याचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळावा लागतो. म्हणून कापण्याआधी तो नंबर प्रत्येक भागावर आणि उरणाऱ्या तुकड्यावरही पंच करून (ठोकून उमटवून) घेतात. घाईत तुकड्यावरचा पंच राहिला, की धातू उत्तम असूनही तो प्रेशर पार्टला चालत नाही. मग तो सपोर्टच्या किंवा बेस प्लेटच्या कामी जातो, नाहीतर भंगारवाल्याच्या टेम्पोत. सॉफ्टवेअरमध्ये तुकड्यांची यादी असते, पण रॅकवरचा तुकडा कुणी न सांगता उचलला, तर पुढची मांडणी नसलेल्या प्लेटवर होते.

लहान कामांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे एसव्हीजीनेस्ट आणि संगणकावर बसवायचे डीपनेस्ट ही खुली साधने आहेत. महागड्या पॅकेजमध्ये यापलीकडे मशीनचा प्रोग्राम, छेद घेण्याचा क्रम, तुकड्यांचा साठा हे सगळे जोडलेले मिळते. दोन्हींनाही एक गोष्ट लागते: कापायचे भाग एकत्र आलेले असणे. एकाच जाडीच्या आणि ग्रेडच्या चार ऑर्डरी मिळून केलेली मांडणी सहसा चार सुट्या मांडण्यांपेक्षा बरी निघते, कारण मोठ्या भागांमधल्या फटी दुसऱ्या ऑर्डरीतले लहान भाग भरतात. ‘आजच पाहिजे’ म्हणून एकच भाग नव्या शीटच्या मधोमध कापून घेतला, तर त्या शीटपुरते नेस्टिंग तिथेच संपते.