एमटीटी की डब्ल्यूएसटी-१: पेशी मेल्या, की रंग अडकला?

पेशी किती जिवंत आहेत हे मोजायला वापरले जाणारे हे दोन्ही टेट्राझोलियम क्षार. जिवंत पेशींमुळे त्यांचं क्षपण होऊन रंगीत फॉर्माझान बनतं. रंग गडद, म्हणजे पेशी जास्त जिवंत. म्हणून फ्रिजमध्ये जे असेल ते वापरलं जातं. साध्या औषधाचा विषारीपणा तपासताना हे खपून जातं, कार्बन नॅनोट्यूबचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) तपासताना नाही.

एमटीटी पेशीच्या आत शिरतं आणि तिथे जांभळ्या सुया तयार होतात. त्या पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ०.५ मिग्रॅ/मिली एमटीटीत ३-४ तास ठेवल्यावर द्रव काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ (सुया विरघळवणारं द्रावक) घालायचं आणि ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचं रीडिंग घ्यायचं. घोटाळा इथेच होतो. नळ्या या सुयांना धरून बसतात. प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरा: काळ्या पुंजक्यांना जांभळे काटे चिकटलेले दिसतील. तेवढा रंग द्रावणात उतरतच नाही आणि रीडर सांगतो, पेशी मेल्या. २००६ साली हे नीट उघड झालं. मानवी फुप्फुसाच्या ए५४९ पेशी एकपदरी नळ्यांसोबत २४ तास ठेवल्यावर एमटीटीने जवळपास निम्म्या मेल्याचं दाखवलं. डब्ल्यूएसटी-१ने एकही नाही. एलडीएच गळती (फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं विकर) आणि अ‍ॅनेक्सिन-व्ही रंगवणी (मरणाऱ्या पेशी ओळखणारी) यांनीही डब्ल्यूएसटी-१चीच बाजू घेतली.

डब्ल्यूएसटी-१चं क्षपण पेशीबाहेर होतं आणि त्याचं फॉर्माझान पाण्यात विरघळतं. १०० मायक्रोलिटर माध्यमात १० मायक्रोलिटर घाला, अर्धा ते चार तास थांबा, ४५० नॅनोमीटरला वाचा. विरघळवायची पायरीच नाही. पण म्हणून हे निर्धोक नव्हे. कार्बन काळा, तो स्वतःच प्रकाश खातो. वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) नळ्या तरंगत असतील तर रीडिंग फुगतं आणि मेलेल्या पेशी जिवंत ठरतात. म्हणजे चूक बरोबर उलट्या दिशेची. उपाय सोपा आहे, तरी आळसाने टाळला जातो: प्लेट सेंट्रीफ्यूज करा, वरचा द्रव नव्या प्लेटमध्ये घ्या, मग वाचा.

एमटीटीच वापरणं भाग असेल, तर नळ्या न दिलेल्या पेशींत आधी फॉर्माझान बनू द्या आणि डीएमएसओ घालण्याच्या ऐन आधी त्यात नळ्या टाका. रीडिंग घसरलं तर तुमच्या प्रयोगातला 'मृत्यू', निदान काही अंशी, नुसता अडकलेला रंग आहे.

ग्राफीन ऑक्साइड या दुसऱ्या कार्बनी पदार्थाची तऱ्हा तिसरीच. ते पेशींशिवायही एमटीटीचं क्षपण करतं. त्यामुळे पेशी नसलेली, फक्त कण आणि रंगद्रव्य असलेली वेल प्रत्येक प्लेटवर हवी, क्षार कुठलाही असो.