काळ्या चौकोनात उजेड कुठून येतो? ऑन-ऑफ कॉन्ट्रास्ट आणि ॲन्सी कॉन्ट्रास्ट

प्रश्न ठरलेला असतो. ‘कॅटलॉगमध्ये प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट दहा लाखाला एक लिहिलाय, दुकानात काळा रंग डांबरासारखा दिसत होता, आणि घरी आणल्यावर तोच काळा राखेसारखा दिसतोय. पीस खराब लागला का?’ पीस बहुतेक वेळा चांगलाच असतो. विचारणाऱ्याने एक आकडा वाचलेला असतो आणि घरी तो दुसराच आकडा बघत असतो. दोघांचं आडनाव कॉन्ट्रास्ट, एवढंच काय ते नातं.

पहिला सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. पूर्ण पांढरं चित्र लावायचं, पडद्यावरचा उजेड मोजायचा. मग पूर्ण काळं चित्र लावायचं, पुन्हा मोजायचा. एकाला दुसऱ्याने भागायचं. हा ऑन-ऑफ कॉन्ट्रास्ट. कॅटलॉगवर ठळक छापलेला असतो तो हाच, आणि त्यातही त्याचा फुगवलेला भाऊ, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट. चित्र पूर्ण काळं झालं की यंत्र लेझर मंद करतं किंवा सरळ बंदच करतं, आणि मग भागाकार लाखांत जातो. दिवा विझवून अंधार मोजायचा असेल तर माझ्या घरच्या ट्यूबलाइटचा कॉन्ट्रास्टही अनंत आहे. ही चलाखी पकडायला मीटर लागत नाही. लॅपटॉपवरून काळं चित्र लावा आणि कोपऱ्यात माउसचा पांढरा बाण आणा. बाण येताच सगळा पडदा किंचित उजळला, तर तुम्ही डायनॅमिक आकड्याचे पैसे मोजलेत.

दुसरा आहे ॲन्सी कॉन्ट्रास्ट. ॲन्सी या अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९० च्या दशकात प्रोजेक्टर मोजण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यावरून हे नाव. ॲन्सी लुमेन, म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप, तिथूनच आले आणि घरोघरी पोचले, कॉन्ट्रास्ट मात्र मागे राहिला. यात बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र लावतात, चार बाय चार, आठ चौकोन पांढरे आणि आठ काळे. पांढऱ्यांची सरासरी भागिले काळ्यांची सरासरी. म्हणजे पांढरं आणि काळं एकाच वेळी पडद्यावर. हा आकडा शेकड्यांत येतो, कधी दोन आकडीही येतो, आणि म्हणून कुणी छापत नाही.

आता खरी गोम. प्रोजेक्टर काळा रंग टाकत नाही, टाकूच शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळं म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही ती जागा. मग त्या जागेवर जो काही उजेड असतो, तो येतो कुठून? दोन वाटा आहेत. एक, प्रोजेक्टरच्या आतून झिरपलेला. दुसरी, पडद्याच्या पांढऱ्या भागावरून निघून छताला, भिंतींना, फरशीला आपटून पुन्हा पडद्यावर आलेला. ऑन-ऑफ चाचणीत पडदा सगळाच काळा, त्यामुळे आपटायला उजेडच नसतो आणि मोजला जातो तो फक्त झिरपा. पटाच्या चाचणीत अर्धा पडदा पेटलेला असतो, आणि खोली आपलं माप त्यात मिसळते. थोडक्यात, घरात मोजलेल्या ॲन्सी आकड्यात यंत्रापेक्षा खोलीचा हात मोठा असतो. हे डोक्यात बसलं की निम्मे वाद मिटतात.

आकड्यांतच बघू. १०० इंची पडदा म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर. त्यावर खरे २००० लुमेन टाकले तर ७२५ लक्सच्या (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडलेले लुमेन) आसपास उजेड पडतो. ‘अ’ प्रोजेक्टरचा खराखुरा ऑन-ऑफ २०००:१ समजा, तर पूर्ण काळ्या चित्रात पडद्यावर ०.३६ लक्स. ‘ब’ चांगला महाग, ४०,०००:१ वाला, तर ०.०१८ लक्स. वीसपट फरक. पाकीट उघडायचा मोह इथेच होतो.

आता खोली घ्या. पांढरं पीओपीचं छत, क्रीम भिंती, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. अशी खोली पडद्यावरच्या सरासरी उजेडापैकी ३ टक्के परत पडद्यावर फेकते असं धरू. पटाच्या चित्रात सरासरी ३६३ लक्स, त्याचे ३ टक्के म्हणजे जवळपास ११. ‘अ’च्या काळ्या चौकोनावर ११ अधिक ०.३६, ‘ब’च्या काळ्या चौकोनावर ११ अधिक ०.०१८. पांढऱ्या चौकोनांवरही तेच ११ पडतात, म्हणजे ७२५ अधिक ११. कॉन्ट्रास्ट एकाचा ६५, दुसऱ्याचा ६७. (लेन्समध्ये विखुरणारा उजेड मी धरलेला नाही. धरला तर दोन्ही आकडे आणखी खाली येतील.) वीसपट फरक कुठे गेला? छताने खाल्ला.

आणि इथे ‘जास्त लुमेनचा घ्या’ हा लोकप्रिय सल्ला येतो, जो ऐकून माझं डोकं फिरतं. खिडकीतून येणारा किंवा शेजारच्या खोलीतल्या दिव्याचा उजेड असेल, तर जास्त लुमेन उपयोगी पडतात. तो उजेड तेवढाच राहतो आणि चित्र वाढतं. पण हा उजेड प्रोजेक्टरचाच आहे, फिरून आलेला. लुमेन दुप्पट केले की पांढरं दुप्पट, आपटून येणारं दुप्पट, गुणोत्तर जागच्या जागी. दारावरचा पडदा ओढून दोन हजाराऐवजी चार हजार लुमेन लावले, तरी काळा तितकाच राखाडी.

मग ऑन-ऑफ बिनकामाचा का? नाही, आणि मला हा टोकाचा सूरही आवडत नाही. सिनेमा काही अर्धा पांढरा नसतो. रात्रीचं दृश्य घ्या, सरासरी उजेड फक्त १ टक्का, म्हणजे ७.२५ लक्स. त्या पांढऱ्या खोलीने परत केले ०.२२ लक्स. आता ‘अ’चा काळा ०.५८ आणि ‘ब’चा ०.२४. अडीचपटीच्या जवळ, डोळ्यांना स्पष्ट कळेल. म्हणजे गडद दृश्यात यंत्र बोलतं, उजळ दृश्यात खोली. दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं, म्हणून काळ्या रंगाच्या डेमो रूममध्ये तो अवकाशयानं नाहीतर रात्रीचं शहर लावतो. पुढच्या वेळी क्रिकेटची मॅच लावायला सांगा.

याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. खोली गडद करून ३ टक्क्यांचा अर्धा टक्का केला, तर त्याच रात्रीच्या दृश्यात परत येणारा उजेड ०.०३६ उरतो. ‘अ’चा काळा ०.४०, ‘ब’चा ०.०५४. अडीचपट फरकाचा सातपट झाला. महागडा प्रोजेक्टर आपली किंमत गडद खोलीतच दाखवतो. क्रीम भिंतींच्या हॉलमध्ये तो लावणं म्हणजे हापूसचा मिल्कशेक करणं.

प्रोजेक्टरच्या आत चित्र घडवण्याच्या तंत्रांबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर नको तेवढं लिहिलं जातं. डीएलपीमध्ये सूक्ष्म आरसे असतात, बंद अवस्थेतही थोडा उजेड विखुरतात, म्हणून त्याचा मूळ (डायनॅमिक चलाखी वगळून) ऑन-ऑफ सहसा कमी; पटाच्या चाचणीत मात्र तो बहुधा पुढे असतो. जेव्हीसी कंपनीचे डी-आयएलए (यात उजेड लिक्विड क्रिस्टलच्या चिपवरून परावर्तित होतो) ऑन-ऑफमध्ये फार पुढे, पटावर तेवढे नाहीत. थ्रीएलसीडी (यात उजेड तीन एलसीडी काचांतून आरपार जातो) दोन्हीच्या मधे. ‘फोर-के सपोर्ट’ आणि ‘एचडीआर सपोर्ट’ या स्टिकरांवर एक वाक्यही खर्च करणार नाही.

आता चाचणी, आणि ही माझी लाडकी, कारण तिला मीटर लागत नाही. लॅपटॉपवर १९२० बाय १०८० चं चित्र बनवा, ४८० बाय २७० चे सोळा चौकोन, एकाआड एक पांढरे-काळे. प्रोजेक्टरचे सगळे ऑटो प्रकार बंद करा: डायनॅमिक आयरिस (उजेड अडवणारी, आपोआप लहान-मोठी होणारी झडप), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड. पुठ्ठ्याची रुपयाएवढी चकती कापा, काळी करा आणि खराट्याच्या काडीला चिकटवा. मधल्या एखाद्या काळ्या चौकोनासमोर, पडद्यापासून फूटभर अंतरावर ती धरा, अशी की तिची सावली त्या काळ्या चौकोनात पडेल. काळ्यात सावली? हो, तेच बघायचं आहे. चकतीने अडवला आहे तो फक्त प्रोजेक्टरकडून थेट येणारा झिरपा. छत-भिंतींकडून येणारा उजेड बाजूने तिथे पोचतोच. सावली दिसलीच नाही, आजूबाजूच्या काळ्यात विरून गेली, तर गुन्हेगार खोली आहे. सावली ठळक दिसली, तर गुन्हेगार यंत्र. मग पूर्ण काळं चित्र लावून तीच चकती तिथेच धरा. आता सावली दिसेल, कारण आपटायला उजेड नाही आणि उरलाय तो झिरपाच. ही दोन दृश्यं लागोपाठ बघितलेला माणूस पुन्हा कधी दोन्ही कॉन्ट्रास्टची गल्लत करत नाही. मी काहींना फोनवर दहा-दहा मिनिटं समजावलं आहे. काडी हातात दिल्यावर काम अर्ध्या मिनिटात झालं.

यंत्र गुन्हेगार निघालं तरी लगेच रिप्लेसमेंट मागू नका. आधी लेन्सवर तिरका टॉर्च मारा. आपल्याकडे हॉल आणि स्वयंपाकघर यांत बरेचदा एक कमान असते, फोडणीचा धूर आणि उदबत्ती दोन्ही लेन्सवर थर धरतात, आणि तो थर पांढऱ्याचा उजेड काळ्यात पसरवतो. मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. शर्टाच्या टोकाने नको.

मीटर असेल तर सेन्सरचं तोंड प्रोजेक्टरकडे करून पडद्यापाशी मोजा, आणि मोजताना स्वतः गडद कपडे घालून बाजूला सरका. पांढरा सदरा घालून पडद्याजवळ उभा राहिलेला माणूस म्हणजे आणखी एक भिंत. पूर्ण काळं चित्र मोजायला स्वस्त लक्स मीटर पडद्यापाशी कुचकामी ठरतो, शून्य आणि एकाच्या मधे अडकतो. तिथे सेन्सर लेन्सजवळ न्या, उजेड दाटतो आणि आकडा वाचता येतो. पांढरं चित्रही त्याच जागी मोजा. मोबाइलच्या ॲपवर मोजलेला काळा मला पाठवू नका. आणि मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो तर मुळीच नको, कॅमेरा आपल्या मनाने एक्सपोजर ठरवतो.

आकडा कमी आला म्हणून रडायचं कारण नाही. डिजिटल सिनेमाचं जे तांत्रिक मानक हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून २००५ मध्ये काढलं, त्यात थिएटरसाठी ऑन-ऑफ २०००:१ अपेक्षित आहे, आणि पटाचा? १५०:१, आणि १०० पर्यंत खाली चालतो. तोही प्रेक्षागृहात, सगळा बाहेरचा उजेड धरून मोजलेला. तुमच्या घरी १०० आला तर तुम्ही थिएटरच्या चौकटीत आहात. चांगल्या थिएटरचं छत काळं आणि भिंती मरून का असतात, तेही आता वेगळं सांगायला नको. उलट गणपतीत गल्लीत दोन बांबूंवर ताणलेला पडदा आठवा. छत नाही, बाजूला भिंती लांब. सोसायटीचा दिवा कुणी मालवला असेल, तर त्या पडद्याला परत येणारा उजेड जवळजवळ नव्हताच. मागच्या बाजूने बघणाऱ्यांना सगळे नायक डावखुरे दिसायचे, पण काळा काळाच असायचा.

राखाडी पडद्याबद्दलही अशीच गल्लत चालते. ‘राखाडी पडद्याने ऑन-ऑफ वाढतो’ असं विकणारे सांगतात. वाढत नाही, पांढरं आणि काळं सारख्याच प्रमाणात खाली येतात. वाढतो तो पटाचा, कारण राखाडी पडदा भिंतींकडे मुळात कमी उजेड फेकतो आणि परत येणाराही कमी होतो. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला हात लावायची सोय नाही, तिथे मी तो सुचवतो. स्वतःच्या घरात नाही, आधी रंग.

रंग म्हणजे सगळी खोली नव्हे. पडद्यालगतचं छत आणि बाजूच्या भिंती, पहिले दीड-दोन मीटर, बहुतेक नुकसान तिथेच होतं. काळाच हवा असं नाही, गडद निळा किंवा मरून चालतो, पण मॅट. ऑइलपेंट देऊ नका. चकाकणारा काळा आरशाचं काम करतो. पडद्याखालच्या टाइलवर गडद सतरंजी. मागची भिंत शेवटी, वेळ आणि घरच्यांची सहनशक्ती उरली तर.

छत गडद करायला घरात परवानगी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे; मला दोन दिवाळ्या लागल्या. तोवर मी छताला वेल्क्रोने काळं मखमली कापड लावत होतो, पाहुणे यायच्या आधी काढून ठेवायचो. पटाचा आकडा ५० वरून १२० वर गेला होता, प्रोजेक्टर तोच.