गाडीतून जंगल बघायला निघण्यापूर्वी: आमच्या प्रवाशांसाठी

दिवाळी-नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "मुलांना गाडीत बसून वाघ-सिंह बघायचे आहेत, तसं गोव्यात कुठे आहे?" उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. गोव्यात तसं कुठेही नाही.

हे पत्रक काढायला निमित्त झालं स्विंडनहून सुट्टीवर आलेलं एक कुटुंब. इंग्लंडमधलं लाँगलीट त्यांना तिथून फार लांब नाही. १९६६ साली सुरू झालेलं हे सफारी पार्क म्हणजे आफ्रिकेबाहेरचं या तऱ्हेचं पहिलं. तिथे आपलीच गाडी घेऊन सिंहांच्या आवारातून जाता येतं, माकडं बॉनेटवर चढून वायपर ओढतात. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाने मोलेच्या नाक्यावरच आमच्या ड्रायव्हरला विचारलं, "अंकल, सिंह कधी येणार?" परतताना पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. चूक आमची. बुकिंग घेतानाच आम्ही सांगायला हवं होतं.

तर सिंहच हवा असेल, तर घाट उतरून किंवा चढून कर्नाटकात जावं लागेल, आणि मुक्कामाच्या तयारीने. बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा आहे (मंगळवारी बंद), शिवमोग्ग्याजवळ त्यावरेकोप्पला वाघ-सिंहांची सफारी आहे. दुसरी जोगच्या धबधब्याला जोडून छान होते. दोन्हीकडे एक गोष्ट लक्षात ठेवा: आमची गाडी बाहेर पार्किंगमध्ये राहते आणि तुम्ही त्यांच्या जाळी लावलेल्या बसमधून आत जाता.

आता आपल्या गोव्याचं.

पाच वर्षांखालची मुलं किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर बोंडला. ८ चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, आत प्राणिसंग्रहालय. गवा, सांबर, चितळ, मगर पिंजऱ्यात वा कुंपणात का होईना, दिसतात म्हणजे दिसतातच. गुरुवारी बंद असतं, आणि तरी दर महिन्याला कोणीतरी गुरुवारचीच गाडी मागतं. दुपारी जाऊ नका, सगळे प्राणी सावलीला पाठ करून झोपलेले असतात.

मोले मोठं आहे, राष्ट्रीय उद्यान धरून साधारण २४० चौरस किलोमीटर, पण बेळगावचा हमरस्ता त्यातूनच जातो. ट्रकांच्या मागे धूर खात अनमोड घाट चढणं म्हणजे जंगल बघणं नव्हे, असं आमचं स्पष्ट मत. दूधसागरला जायचं तर कुळ्यापर्यंत आम्ही सोडतो. पुढे ओढ्यांतून जाणाऱ्या तिथल्या जीपच लागतात, आमची गाडी चालत नाही. पावसाळ्यात त्या जीप बंद असतात, म्हणून चवथीला घरी आलेल्या पाहुण्यांना हा बेत आम्ही सुचवत नाही.

आमच्या मनाला विचाराल तर खोतीगाव. काणकोणच्या चावडीपुढे हमरस्ता सोडला की थोड्याच वेळात हातीपालचं गेट लागतं. ८६ चौरस किलोमीटर जंगल, आत गाडी जाईल असा रस्ता, गर्दी कमी, आणि झाडावर बांधलेलं उंच मचाण. मचाणाची शिडी चढायला धीर लागतो, लहान मुलांना वर नेऊ नका. इथे काय दिसेल याची हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही. कधी गव्यांचा कळप, कधी नुसता शेण पडलेला रस्ता आणि डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज करत गेलेला धनेश. मुलांना हे घरीच समजावून सांगा. सिंह सोडा, गवा म्हणा, आणि तोही दिसला तर.

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. नर हजार किलोपर्यंत भरू शकतो, म्हणजे आपल्या छोट्या मोटारीपेक्षा जास्तच. एका सकाळी वळणावर असाच एक आडवा उभा होता. काळंभोर अंग, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. ड्रायव्हरने चाळीस-पन्नास पावलं अलीकडे गाडी थांबवून इंजिन बंद केलं. आत सगळे गप्प. बॉनेटखालचं तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं, तेवढाच आवाज. गवा कुशीने उभा राहून आपलं अंग दाखवत राहिला. तो असं करतो तेव्हा "मी केवढा आहे ते बघ" एवढंच सांगत असतो. दहा मिनिटांनी झुडपात शिरला. त्या दहा मिनिटांत हॉर्न वाजवला असता, किंवा फोटोसाठी कोणी दार उघडलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. गाडीची प्राण्यांना सवय होते, गाडीतून उतरलेल्या माणसाची होत नाही. पिल्लू रस्त्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला दिसली तर आमचा ड्रायव्हर गाडी मागे घेईल. त्याला घाई करू नका.

माकडांबद्दल थोडं कडक बोलतो. घाटात काच खाली करून चणे, केळी टाकणं बंद करा. खायला मिळतं म्हणून ती रस्त्यावर येऊन बसतात आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली जातात. शिवाय पुढच्या वेळी देणाऱ्याच्या हातातून पिशवीच ओढतात, नखं लागली तर इंजेक्शनं आपल्याला. बोंडल्यात तर प्राण्याला खायला घालणं, चिडवणं, आरडाओरडा करणं किंवा कचरा टाकणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

खाणं गाडीत खुशाल न्या, भाजी-पाव, चपात्या, काय असेल ते, पण वेफर्सची पाकिटं नकोत. ती कुरकुर जंगलात फार लांब ऐकू जाते. गाडी लागणाऱ्या मुलाला पुढच्या सीटवर बसवा आणि सकाळी दूध पाजू नका. आमच्या सीट कव्हरांच्या अनुभवावरून सांगतो आहोत. आत मोबाईलची रेंज जाते, परतायची वेळ घरच्यांना आधीच कळवून ठेवा. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर आमच्याकडे एक आहे, मागा.

भाड्यात गाडी, ड्रायव्हर आणि थांबण्याचा वेळ धरलेला असतो. गेटवरचं माणशी तिकीट, गाडीचं आणि कॅमेऱ्याचं शुल्क तुमचं तुम्ही भरायचं, पावती घ्यायची. गवा दिसला नाही म्हणून भाडं कमी होत नाही. ही चेष्टा नाही, अशी मागणी दोनदा झाली आहे.

खोतीगावसाठी फोंड्याहून पहाटे साडेपाचला गाडी तुमच्या दारात उभी राहील. ड्रायव्हर हॉर्न वाजवणार नाही, मिस्ड कॉल देईल.