मिडी फाइल म्हणजे तयार नोटेशन नव्हे

सांगली-मिरजेकडच्या संगीताच्या ग्रुपवर की-बोर्ड वाजवायच्या ॲपबद्दल एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ॲपवर मनात येईल ते वाजवा, मिडी फाइल काढा, नोटेशन तयार!’

यातलं अर्धंच खरं आहे. मिडी म्हणजे वाजवण्याची संगणकीय नोंद; तीत मुख्यतः की-बोर्डची कोणती पट्टी कधी, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, हे असतं. सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, हे तिला आपोआप कळत नाही. फाइलमध्ये वेग दिलेला नसेल तर मिनिटाला 120 ठोके धरले जातात आणि मोकळी आलापी त्या चौकटीत कोंबली जाते. मग कागदावर नको तिथे विराम, एकाच स्वराचे दोन-तीन जोडलेले तुकडे. तुमचं वाजवणं चुकलेलं नसतं. सतारीची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर मिडीत नोंदली गेली तरी छापील नोटेशनमध्ये सहसा उमटतच नाही.

घरीच पडताळून पाहा. ॲपचा मेट्रोनोम (ठोके देणारी सोय) मिनिटाला 60 वर लावून सरगम वाजवा, फाइल म्युझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा; ते मोफत आहे. मग तीच सरगम ठोक्याशिवाय वाजवून शेजारी ठेवा.

ॲपमध्ये म्युझिकएक्सएमएल, म्हणजे खास नोटेशनसाठीच्या फाइलची सोय असेल तर तीच घ्या, त्यात मात्राविभाग आणि तालचिन्हंही येतात. पीडीएफ मात्र छापण्यापुरती. स्वर बदलायला ती उपयोगाची नाही.